पेशंट स्टेबल आहे

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण बाबांची बायपास झाली. आता ते ठणठणीत आहेत, सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत चालत जातात आणि चहात साखर कमी म्हणून आईशी भांडतात. त्यामुळे काळजी नसावी. पण ते नऊ दिवस आयसीसीयूच्या बाहेर बसून डोक्यात जे काही साठलंय ते कुठेतरी उतरवायलाच हवं. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

पुण्यातलं एक नावाजलेलं हॉस्पिटल. नाव देत नाही, कारण मित्रांकडून ऐकलेले किस्से जमेस धरले तर नाव बदलून फारसा फरक पडत नाही. भेटायची वेळ सकाळी अकरा ते सव्वाअकरा आणि संध्याकाळी पाच ते सव्वापाच. एक पास, एक माणूस. उरलेले साडेतेवीस तास आपण बाहेरच्या स्टीलच्या खुर्चीत. आत काय चाललंय विचारलं की एकच वाक्य: "पेशंट स्टेबल आहे." ऑपरेशनच्या आधी स्टेबल, नंतर स्टेबल, बीपी घसरून रात्री धावपळ झाली (हे आम्हाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेशंटच्या जावयाकडून कळलं) तेव्हाही स्टेबलच!

डिपॉझिट संपत आलं की मात्र एसएमएस यायचा. मिनिटभरही उशीर नाही. आकडा बरोबर, नाव बरोबर, शेवटी 'धन्यवाद'.

आता मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मला हे सहन होणं शक्यच नव्हतं. म्हणजे सिस्टिम आहे, नंबर आहे, मेसेज पाठवायची सोय आहे. फक्त 'तुमच्या वडिलांची व्हेंटिलेटरची नळी काढली, ते बोलताहेत' हे पाठवावं असं कुणाला वाटलेलं नाही. ते कुणाच्या रिक्वायरमेंटमध्येच नव्हतं.

दुसऱ्या रात्री बाबांना भ्रम झाला. मोठ्या ऑपरेशननंतर होतो असा पुष्कळांना, डिलिरियम म्हणतात. ते नळ्या ओढायला लागले म्हणून त्यांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधले. साडेअकराला एक सिस्टर बाहेर आली आणि "काकू कोण आहेत?" म्हणून आईला आत घेऊन गेली. आई पंचवीस मिनिटं त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली. काय बोललीस असं नंतर विचारलं, तर म्हणे, "काही नाही, टाकी साफ करून घेतली ते सांगितलं." बाबा शांत झोपले, हात सोडले. सकाळी त्या सिस्टरला सगळ्यांसमोर झाडलं. नियम मोडला म्हणून. रात्री तिच्याकडे चार पेशंट होते.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, मान्य. म्हणून मी मावसबहिणीला फोन केला. ती एमएस्सी नर्सिंग झालीये, आता शिकवते. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अरे दादा, यातलं नवीन काहीच नाहीये. हे १९७९ पासून माहितीये." आणि तिने पेपर पाठवले. मी पंधरा दिवस तेच वाचत होतो.

१९७९ साली नॅन्सी मोल्टर नावाच्या अमेरिकन नर्सने अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या ४० नातेवाइकांना गाठलं. ४५ गरजांची यादी समोर ठेवली आणि विचारलं, यातलं तुम्हाला किती महत्त्वाचं? सगळ्यात वर काय आलं असेल? आशा आहे असं वाटणं. आणि वरच्या दहांत: इथल्या लोकांना आपल्या माणसाची काळजी आहे असं जाणवणं, प्रश्नांची खरी उत्तरं मिळणं, समजेल अशा भाषेत सांगणं, दिवसातून एकदा तरी माहिती मिळणं, तब्येतीत बदल झाला तर घरी फोन येणं, पेशंटला वारंवार बघायला मिळणं. स्वतःच्या सोयी, आराम वगैरे यादीत खाली. पुढे १९८६ मध्ये जेन लेस्के या दुसऱ्या नर्स-संशोधिकेने त्यावरून रीतसर प्रश्नावली केली, आणि ती जगभरात वापरली गेली.

म्हणजे बघा. बग पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वी नोंदवलाय. रिप्रोड्यूस झालाय. स्टेप्स लिहिलेल्या आहेत. आणि आपल्याकडे स्टेटस काय, तर 'पेशंट स्टेबल आहे'.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: इन्फेक्शन. मीही गप्प बसलो होतो या शब्दापुढे. पण २००६ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयरोगाच्या मान्यवर जर्नलमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सचा एक प्रयोग छापून आला. २२६ पेशंट. दोन महिने कडक नियम, म्हणजे दिवसातून दोनदा अर्धा तास एक माणूस, आणि पुढचे दोन महिने मोकळी भेट, एका वेळी एकच माणूस पण किती वेळ आणि कितीदा हे पेशंट ठरवणार. असं आलटून पालटून. मोकळ्या काळात खोल्यांमध्ये जंतू जास्त सापडले, हे त्यांनी लपवलं नाही. पण पेशंटना होणारी गंभीर इन्फेक्शन्स वाढली नाहीत. उलट हृदयाची आणि रक्ताभिसरणाची गुंतागुंत होण्याचा धोका कडक नियमांच्या काळात जवळपास दुप्पट निघाला. छोटा प्रयोग होता, ठीक. मग २०१९ मध्ये ब्राझीलच्या ३६ आयसीयूंमध्ये मोठा झाला, सुमारे १,७०० पेशंट, दिवसाला १२ तासांपर्यंत भेट. इन्फेक्शन वाढलं नाही. स्टाफचा थकवाही वाढला नाही. नातेवाइकांची चिंता आणि नैराश्य कमी झालं. डिलिरियम मात्र लक्षणीय कमी झाला नाही, आणि तेही मला इथे सांगितलंच पाहिजे, नाहीतर आईच्या त्या पंचवीस मिनिटांवरून मी तुम्हाला चमत्कार विकतोय असं होईल. तिने भ्रम बरा केला की नाही माहीत नाही. पण तिला आत घेतल्याने कुणाचं काही बिघडलं नाही, एवढं नक्की.

दुसरं उत्तर: आपल्याकडची गर्दी. यात तथ्य आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याच वेटिंगमध्ये एका पेशंटचे एकोणीस नातेवाईक डब्यांसकट मुक्कामाला होते. एकजण वॉर्डबॉयच्या अंगावर धावून गेला. डॉक्टरांवर हात उचलणारे लोक आपल्याच शहरात राहतात. पण मला सांगा, रोज ठरलेल्या वेळी कुणीतरी पाच मिनिटं समोर बसून नीट सांगितलं असतं, तर त्यातले किती जण तिथे ताटकळत बसले असते? फ्रान्समध्ये एली अझुले यांच्या गटाने २००० साली दाखवलं की आयसीयूतल्या निम्म्याहून जास्त पेशंटच्या घरच्यांना डॉक्टरांशी बोलल्यावरही आजार, पुढची शक्यता किंवा उपचार यातलं काहीतरी कळलेलंच नव्हतं. त्यांच्याच २००५ च्या अभ्यासात तीन महिन्यांनंतरही दर तिघांपैकी एका नातेवाइकात मानसिक आघाताची लक्षणं होती. पेशंट नव्हे, नातेवाईक! आमच्या आईला अजून रात्री फोन वाजला की दरदरून घाम फुटतो.

तिसरं उत्तर कुणी तोंडावर देत नाही, आणि खरं उत्तर तेच आहे. बोलणार कोण? सिस्टरच नाहीयेत. लिंडा एकन, याही मुळात नर्स, यांनी २००२ मध्ये पेन्सिल्वेनियातल्या १६८ हॉस्पिटल्सचा हिशेब मांडला: सर्जरीच्या पेशंटमध्ये, प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रमाण बंधनकारक केलं, आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट. आमच्या सिस्टरकडे चार होते, हे वर लिहिलंय. आणि पगार? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने सुचवलं की अगदी पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलनेही नर्सला वीस हजारांच्या खाली देऊ नये. वीस हजार! आपल्याकडे फ्रेशरला जॉइनिंगच्या आधी मिळणारी लॅपटॉप बॅग आणि शूज धरून हिशेब करा. आणि ही शिफारसच, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली.

आता थोडं नर्सिंग कॉलेजांनाही सुनावतो (बहीण चिडणार, चिडू दे). दरवर्षी आपल्याकडे ढिगाने प्रबंध होतात. शीर्षक बघा: अमुक विषयाच्या ज्ञानावर 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम'चा परिणाम. आधी प्रश्नावली, मग तासभर लेक्चर, मग तीच प्रश्नावली. मार्क वाढले. अहो, वाढणारच की! लेक्चर दिल्यावर मार्क वाढतात हे कळायला दोन वर्षं लागतात का? आणि घरच्यांना आत बसू दिलं तर काय होतं, रोज फोन केला तर काय होतं, हे आपल्याच आयसीसीयूत मोजायची सोय असताना ते राहूनच जातं. बहिणीला हे म्हटलं तर म्हणाली, "मोजायला परवानगी कोण देणार? भेटीची वेळ बदलायची सही मेट्रनचीपण नसते, मॅनेजमेंटची असते. लेक्चरला सही लागत नाही." निमूट ऐकून घेतलं.

स्कँडिनेव्हियात नर्सेसनी एक साधी गोष्ट सुरू केली. बेशुद्ध पेशंटच्या उशाशी वही ठेवायची. आज काय झालं, कोण येऊन गेलं, बाहेर पाऊस होता, असं रोजच्या भाषेत लिहायचं. नर्सने आणि घरच्यांनीही. पेशंट बरा झाल्यावर वही त्याला द्यायची, म्हणजे हरवलेले दिवस परत जुळवता येतात. २०१० मध्ये युरोपातल्या ३५२ पेशंटवर तपासलं तेव्हा मानसिक आघाताचा आजार वहीवाल्यांत ५ टक्के आणि बाकीच्यांत १३ टक्के निघाला. २०१९ च्या फ्रेंच चाचणीत असा फायदा दिसला नाही, म्हणजे वाद चालू आहे. चालू द्या ना! तिथे निदान वादाला विषय आहे.

राहिलो आपण. सिस्टरला 'ओ शुक शुक' करणारे आपण. पॉलिसी घेताना रूम रेंटची मर्यादा दहादा विचारणारे, कॅशलेस आहे का विचारणारे, पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे एकदाही न विचारणारे आपणच. मीही नव्हतं विचारलं. लॉबीत पियानो होता, तो बघून बरं वाटलं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी फीडबॅकचा फॉर्म दिला. जेवण, स्वच्छता, पार्किंग, वायफाय, पाचपैकी तारे. त्या सिस्टरबद्दल लिहायला जागाच नव्हती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. शिवाय मेल पाठवली: डिपॉझिटचा मेसेज ज्या सिस्टिममधून जातो त्यातूनच दिवसातून दोनदा तब्येतीचा मेसेज पाठवा, मी शनिवार-रविवार बसून फुकट लिहून देतो. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' काल दुसरी मेल टाकलीये, यावेळी फ्लॉरेन्सचा पेपर जोडून. काही आलं तर इथे टाकीनच.