गोणी गेटबाहेर गेली, हजेरी मात्र गेली नाही

कंटेनर आला आणि गोदीतली हमाली संपली, असे सर्रास बोलले जाते. मुंबई बंदरात टॅली क्लार्क म्हणून माझी नोकरी झाली. बोटीतून किती नग उतरले ते मोजायचे आणि लिहायचे, हे माझे काम. हिशेबाच्या त्याच सवयीने विचारतो: संपली म्हणता, मग गोणी आता उचलतो कोण?

आमच्या वेळी प्रत्येकाच्या कमरेला लोखंडी आकडा असे. तो गोणीच्या कानाशी असा अडकवायचा की तागाचे धागे बाजूला सरतील, पण तुटणार नाहीत. दोन माणसे, दोन आकडे, एक हिसका, की गोणी स्लिंगवर. नवखा पोरगा आकडा पोटातच खुपसायचा, तांदूळ सांडायचा आणि मुकादम त्याच्या सात पिढ्या काढायचा. गंधकाची बोट लागली की होल्डमधली माणसे लाल डोळ्यांनी वर येत. खजुराच्या बोटीवर मात्र गैरहजेरी नसे. कारण सांगायला नको.

या कामात कसलाही रम्यपणा नव्हता. कंबरा गेल्या, बोटे चिरडली. त्याच्याही आधीच्या पिढीला तर रोज गेटवर उभे राहावे लागे. माणसे निवडणाऱ्या तोलीवाल्याची नजर पडली तर पाळी, नाहीतर घरी. 1948 च्या गोदी कायद्याने आणि त्यातून आलेल्या डॉक लेबर बोर्डाने ते पालटले. माणसाचे नाव रजिस्टरवर चढले. बोट आली नाही तरी हजेरी लावलेल्याला काहीतरी हातात पडू लागले. हे सरकारला सुचले म्हणून झाले नाही. फ्रीवे पकडायला आपण ज्यांच्या नावाच्या रस्त्याने जातो त्या पी. डिमेलोंसारख्या कामगार पुढाऱ्यांनी संप करून ते मिळवले.

1989 साली न्हावाशेवाचे कंटेनर बंदर सुरू झाले. क्रेन डबा उचलते, ट्रेलरवर ठेवते, गोदीत माणूस दिसत नाही. पण डबा पुढे उरण-पनवेलकडच्या यार्डात जातो आणि बराचसा माल तिथे हातानेच निघतो. मे महिन्यात अशा एका यार्डात गेलो होतो. पत्र्याच्या बंद डब्यात दुपारी दोन वाजता चार पोरे पोती ओढत होती. पगार कोण देतो, विचारले. “ठेकेदार,” एक म्हणाला. आणि डबे आले नाहीत तर? तो नुसता हसला. म्हणजे तोलीवाला परत आला, फक्त आता त्याच्याकडे मोबाइल आहे.

1997 मध्ये संसदेने मोठ्या बंदरांतून जुना गोदी कायदा काढून घेण्याची सोय केली. बोर्डात खोगीरभरती होती, बोगस पाळ्या लागत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याची बाजू घेत नाही. पण खोगीरभरती काढताना रजिस्टरही फेकायचे कशाला? 1969 चा माथाडी कायदा आपल्याच राज्याचा. माथाड्याचे नाव, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे मंडळाकडून, ठेकेदाराच्या मर्जीवर नाही. कागदावरचा हा कायदा या यार्डांतल्या पोरांपर्यंत पोचवा, एवढेच मागणे.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झाले. 12 लाख रोजगार मिळतील, असे सरकार सांगते. मच्छीमारांचा विरोध हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण ज्या पालघरच्या पोरांना नोकरीचा शब्द दिला जातोय, त्यांनी आकड्यावर खूश न होता दोन गोष्टी लेखी मागाव्यात: नाव कोणाच्या रजिस्टरवर, आणि बोट न लागलेल्या दिवसाचे पैसे कोण देणार.