खुणेचा हात

बहिऱ्या माणसाने एखादा पराक्रम केला म्हणजे आपण त्यास चमत्कार म्हणतो आणि मोकळे होतो. आमच्या मते ही स्तुती फार स्वस्त आहे. कारण चमत्कार म्हटला की आपणांवर कोणतेच कर्तव्य उरत नाही. विल्यम हॉय या अमेरिकन खेळाडूचे चरित्र विद्यार्थ्यांनी याच दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते.

हॉयचा जन्म 1862 साली ओहायो राज्यात झाला. तिसऱ्या वर्षी आजाराने त्याची श्रवणशक्ती गेली. कोलंबस येथील बहिऱ्यांच्या शाळेत तो शिकला आणि पुढे जोडे करण्याचा धंदा करू लागला. बेसबॉल हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बहुधा ऐकूनच ठाऊक असलेला खेळ. फेकलेला चेंडू दांडूने टोलवावा व चार बेस क्रमाने गाठून धाव पुरी करावी, एवढे त्याचे सार. 1886 साली हॉय ऑशकॉश येथील व्यावसायिक संघात शिरला. त्या काळी पंच आपला निर्णय तोंडानेच देत. निर्णय काय झाला हे पाहण्यास हॉय मागे वळे, तोच गोलंदाज पुढचा चेंडू फेकून मोकळा होई. तेव्हा हॉयने तिसऱ्या बेसजवळच्या मार्गदर्शकास विनंती केली की, पंचाचा प्रत्येक निर्णय आपणांस हात उंचावून कळवावा. विनंती मान्य झाली; तिला दमडीचाही खर्च आला नाही.

पुढे काय घडले? 1888 साली वॉशिंग्टन संघातर्फे खेळताना त्याने 82 बेस चोरून गाठले व आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. 19 जून 1889 रोजी एकाच सामन्यात त्याने दूरच्या मैदानातून अचूक फेकी करून तीन गडी शेवटच्या बेसवर बाद करविले. 1902 पर्यंत तो वरिष्ठ लीगांत खेळला. त्याच वर्षी 16 मे रोजी त्याच्यासमोर चेंडू फेकण्यास ल्यूथर टेलर उभा होता, तोही बहिराच! टेलरच्या न्यूयॉर्क संघातील सोबत्यांनी पुढे त्याच्यासाठी बोटांची भाषा शिकून घेतली. आमच्या दृष्टीने हा विजय कोणत्याही धावसंख्येहून मोठा होय. पंचांच्या आजच्या खुणा हॉयमुळेच रूढ झाल्या, असे कित्येक म्हणतात. त्याविषयी वाद आहे. तथापि आमचा मुद्दा त्या वादावर अवलंबून नाही.

मात्र लोकांनी हॉयला नाव ठेवले ते 'मुका' असेच. आपल्या देशीही तीच रीत. हरियाणाचे मल्ल वीरेंद्र सिंग यांनी बधिरांच्या जागतिक स्पर्धांत 2005, 2013 व 2017 साली सुवर्णपदके जिंकली. तरी ते ओळखले जातात 'गूंगा पहलवान' म्हणून. 2021 साली त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच सुमारास, बधिर खेळाडूंस इतर दिव्यांग खेळाडूंच्या बरोबरीचे हक्क मिळावे म्हणून, ते आपली पदके घेऊन दिल्लीतील हरियाणा भवनाबाहेर बसले. सन्मान मिळाला म्हणजे न्याय मिळालाच, असे नव्हे.

कोणी म्हणेल, प्रत्येक बहिरा मुलगा काही हॉय होत नाही. खरे आहे. पण ऐकू येणारा प्रत्येक मुलगा तरी कोठे मोठा खेळाडू होतो? म्हणून त्यास आपण मैदानाबाहेर बसवितो काय? आपल्या खोखोचेच पाहा. 'खो' देताना शब्द उच्चारावा लागतो, तसा पाठीवर हातही पडतोच. बहिऱ्या गड्यास तो स्पर्श पुरेसा आहे. क्रिकेटचा पंच चौकार, षटकार हातानेच दाखवितो. धाव घ्यावी की नाही, एवढेच जोडीदाराने ओरडून न सांगता हाताने सांगावे. सामना सुरू करण्याच्या शिट्टीबरोबर एक रुमाल हलवावा. यांत कठीण ते काय?

वणी, पुसद, दारव्हा येथील कोणत्याही शाळेच्या मैदानाच्या कडेला असा एखादा मुलगा दप्तरे राखीत बसलेला दिसत असेल, तर दोष त्याच्या कानांचा नव्हे. त्याला दयेची गरज नाही. त्याला संघात जागा हवी आणि संघातील दहा-पाच मुलांनी त्याच्या खुणा शिकावयास हव्या. हॉयने मागितले ते इतकेच होते, आणि ते देण्यास आपणांजवळ हात आहेत.