लिंकवरचा पगार

गेल्या रविवारी दुपारी जेवण आटोपून आम्ही जरा आडवे झालो होतो, तोच मागच्या चाळीतल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. सोबत त्यांची मुलगी. दोघींनी जयभीम केला. बाई खाली बसल्या आणि पाण्याला हातही न लावता म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता, चार माणसं तुमचं ऐकतात. या पोरीला काहीतरी सांगा. लागलेली नोकरी सोडायला निघालीय. मोबाईलवर पगार मिळणार म्हणते."

मुलगी शांत होती. वय सव्वीस. बारावीनंतर शिवणाचा कोर्स केलेली आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये तयार कपड्यांच्या युनिटात चार वर्षे कामाला असलेली. तिने पिशवीतून एक वही काढून आमच्यापुढे ठेवली. "काका, आधी हे बघा. मग काय बोलायचं ते बोला."

वही बघितली आणि आम्ही उठून नीट बसलो. हल्लीच्या मुलांना हिशेब नको असतो, असे आम्हीच कितीदा बोललो आहोत. इथे तर महिन्यामहिन्याची जमा आणि खर्च, पैसा न पैसा लिहिलेला. हा प्रश्न आज आपल्या पुष्कळ घरांत निघतो आहे, म्हणून त्या मायलेकींच्या परवानगीने, नाव न घालता, सगळी हकीकत इथे मांडत आहोत.

ज्याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात, ते आपल्या लोकांना नवे नाही. बाजारात गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणून देणाऱ्याला दुकानदार दलाली देतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे गिऱ्हाईक हाताला धरून न्यायचे नसते. कंपनी आपल्याला एक लिंक देते, तिच्यात आपली खूण असते. त्या लिंकवरून आत गेलेल्याने माल घेतला की ठरलेले टक्के आपल्या खाती. अमेरिकेत अ‍ॅमेझॉन कंपनीने १९९६ साली, ती नुसती पुस्तके विकत होती तेव्हा, ही पद्धत सुरू केली आणि जगभर ती पसरली. भारतात ही कंपनी २०१३ मध्ये आली. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. मात्र नियम पुष्कळ. लिंकवर बोट ठेवल्यापासून चोवीस तासांच्या आत माल घेतला किंवा निदान टोपलीत टाकून ठेवला, तरच तो आपला धरतात. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खाते बंद. आपल्याच लिंकवरून आईसाठी मिक्सर घेतला तर त्याचे कमिशन नाही. आणि गिऱ्हाइकाने माल परत केला की लागलेले कमिशनही परत. हातात पैसे पडायला महिना संपल्यावर साधारण दोन महिने जातात. आज विकलेल्या मालाचे वाणसामान त्याच महिन्यात येत नाही, हे घर चालवणाऱ्या बाईने तरी ध्यानात ठेवावे.

ही मुलगी शिलाई मशीनवरचे व्हिडिओ करते. बॉबिनमधला दोरा का गुंततो, जाड कापडाला १६ नंबरची सुई का, कात्री कोणती घ्यावी आणि कोणती घेऊ नये. बोलणे आपले साधे घरातले. खाली त्या वस्तूची लिंक. पहिल्या महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये, ६४० रुपये मिळाले. मे महिन्यात मुली शिवणाच्या क्लासला जातात, तेव्हा ४,३००. दिवाळीच्या सेलमध्ये, ऑक्टोबरला, २७,४०० रुपये! त्या महिन्यात तिला वाटले, आपण पगाराच्या पुढे गेलो, आता रोज सकाळची गाडी कशाला पकडायची? तिचे काय चुकले? नऊ तास उभे राहून तपासणीचे काम, सुपरवायझरची बोलणी, गर्दीत लोंबकळत परत येणे. नोकरी म्हणजे काही गादी नाही, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

पण त्याच वहीत पुढचे पान होते. नोव्हेंबरला ११,२०० आणि फेब्रुवारीला ४,१००. बारा महिन्यांची बेरीज आम्ही दोघांनी मिळून केली. ८२,९९० रुपये. त्यातून मोबाईलचा रिचार्ज, दिवा, तिकाटणे, नमुन्याला लागलेले कापड असे नऊ हजार वजा केले, तर महिन्याला सरासरी सहा हजारांच्या थोडे वर. ऑक्टोबरचा आकडा डोक्यात ठेवून घराचे भाडे ठरवता येत नाही, ते फेब्रुवारीच्या आकड्यावर ठरवावे लागते.

मग आम्ही तिला पगाराची पावती विचारली. तीही तिच्याकडे होती, पण ती तिने कधी वाचली नव्हती. किती जण वाचतात? पगार १८,६००. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे १,८०० आणि कामगार विम्याचे १४० कापून १६,६६० हाती येतात. तिच्या हिशेबात नोकरी म्हणजे एवढेच. पण मालक तिच्या फंडात आणखी १,८०० घालतो, विम्याचे ६०५ भरतो. म्हणजे ही नोकरी एकवीस हजारांची आहे. पाच वर्षे पुरी व्हायला एकच वर्ष उरले आहे. ते पुरे झाले तर ग्रॅच्युइटीचे, तिच्या पंधरा हजार मूळ पगारावर, सुमारे ४३,००० रुपये होतात. आज सोडली तर त्यातला एक रुपया नाही.

विम्याचे नाव निघाले तशी बाई मध्येच बोलल्या. "ह्यांचं औषध तिथलंच की!" मुलीच्या वडिलांना साखर आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झाला. नाक्यावर बिगारी काम करणारा माणूस, आता घरीच असतो. त्यांच्या तपासण्या, गोळ्या, दवाखान्यात राहणे, सगळे मुलीच्या ईएसआय कार्डावर. मुलगी क्षणभर गप्प झाली. तिला वाटले होते, कार्ड एकदा निघाले की निघाले. तसे नसते. वर्गणी थांबली की काही महिन्यांनी हक्कही थांबतो. तिचे स्वतःचे उद्या लग्न होईल, बाळंतपण येईल, तेव्हाची २६ आठवड्यांची भरपगारी रजाही त्याच कार्डावर आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आडारकर अहवाल १९४४ मध्ये आला तो त्याच काळात, आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. कमिशनवर जगणाऱ्याला हे कार्ड मिळत नाही, कारण त्याला मालकच नसतो.

मालक नसतो, हेच तर या धंद्याचे आकर्षण. "काका, कोणाची बोलणी नाहीत, कोणाची मर्जी नाही." इथे मात्र आम्ही तिला थांबवले. मर्जी आहे, फक्त मर्जीवाला दिसत नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत जग घरी बसले होते, तेव्हा अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतले कमिशनचे दर एका आठवड्याच्या सूचनेवर खाली आणले. फर्निचर व घरसामानाचे ८ टक्क्यांवरून ३ वर, किराण्याचे ५ वरून १ वर. ज्याला त्या विक्रीवर आठ हजार मिळत होते, त्याला तेवढ्याच विक्रीवर तीन हजार. संप करायचा तर कोणाच्या दारात? त्याच वर्षी २९ जूनला आपल्या सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप बंद केली. सरकारची कारणे काही असोत, खेड्यापाड्यातल्या ज्या मुलामुलींनी तिथे लाखो बघणारे जमवले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत उठले.

बाईंचे वडील परळच्या गिरणीत बदली कामगार होते. ते आम्हाला ठाऊक होते, म्हणून आठवण काढली. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाहीतर डबा तसाच घेऊन परत. बाईंना तो परत आलेला डबा आठवत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा दिसलेच नाही, त्यांत तेही. नुसत्या लिंकवर जगणे हे आम्हाला त्या बदलीसारखे वाटते. दार मोबाईलमध्ये आले, एवढाच फरक.

म्हणून हे काम वाईट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. या मुलीची एक गोष्ट ऐकून तर आमचे मत बरेच बदलले. पायमशीनला लावायच्या एका स्वस्त मोटरची तिने शिफारस केली होती. कमिशन चांगले, विक्रीही जोरात. दीड महिन्यात चाळीतल्याच तीन बायका जळालेल्या मोटरी घेऊन तिच्या दारात आल्या. एकीने तर कर्ज काढून मशीन घेतलेले. मुलीने काय केले? ती लिंक काढून टाकली आणि नवा व्हिडिओ केला. मोटर सलग दोन तास चालवली की तापते, मी दहाच मिनिटे चालवून बघितली होती, ही माझी चूक, असे सरळ सांगितले. एका बाईला तिने स्वतःच्या पैशाने मोटर बदलून दिली. वहीत त्या महिन्याच्या खर्चात ते ९५० रुपये लिहिलेले आहेत. तिला वाटले होते, आता कोणी बघणार नाही. उलट त्यानंतर बायका तिलाच विचारायला लागल्या. ही कमाई कोणत्याही कंपनीला टक्के खाली आणून कापता येत नाही.

व्हिडिओत ती सुरुवातीलाच सांगते, "खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं." हे सांगणे सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जरुरीचेच आहे. फसवी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कमिशनवर कंपनी आयकर कापते, त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के जातात. एवढे कागद नीट ठेवावेत.

आता ज्याची आम्हाला जास्त काळजी वाटते ते सांगतो. या मुलीच्या मावसभावाला एका हॉटेलच्या हॉलमधल्या सभेला नेले होते. टायवाले तरुण, टाळ्या, गाडीच्या किल्ल्या हातात घेतलेले फोटो. पाच हजारांचा कोर्स घ्या, अ‍ॅफिलिएट व्हा, नोकरीला लाथ मारा. कोर्समध्ये काय शिकवतात? तर हाच कोर्स पुढे आणखी कोणाला विकावा कसा. त्याने उसने काढून पैसे भरले, दोन मित्रांना भरायला लावले. आज त्या मित्रांशी बोलणे नाही. नाव इंग्रजी असले तरी ही जुनी साखळीच आहे. पैशाच्या अशा साखळ्यांवर १९७८ पासून बंदीचा कायदा आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. तरी आपल्या वस्त्यांत ही माणसे येतात, कारण नोकरी नसलेली शिकलेली मुले आपल्याकडे आहेत. ओळखायचे कसे? कमिशन कोणाच्या खिशातून येते ते विचारा. कात्री घेणाऱ्याला कात्री मिळाली आणि दुकानदाराने त्यातून आपल्याला दिले, तर तो धंदा. आपल्यामागून आत येणाऱ्याच्या फीमधून मिळाले, तर उठून बाहेर या. आणि या कामात शिरण्यासाठी आधी पैसे मागणारा भेटला, तर पुढचे ऐकूच नका.

संध्याकाळचा चहा झाला तोवर मुलीनेच वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतले. ग्रॅच्युइटीचे वर्ष पुरे होईपर्यंत नोकरी. लिंकचे पैसे घरखर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात, सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत. वडिलांसाठी कार्डाशिवाय दुसरी काय सोय होईल, त्याची चौकशी आधी. "एकाच कंपनीवर राहायचं नाही," तिने स्वतःच पुढे जोडले, "आणि रविवारी ब्लाउज कटिंगचा क्लास. त्याची फी तरी माझी मी ठरवीन." आम्ही एवढेच सुचवले की बघणाऱ्या बायकांचे फोन नंबर, त्यांना विचारून, वहीत उतरवून ठेव. अ‍ॅप बंद पडले तरी नंबर राहतील. फेब्रुवारीसारख्या वाईट महिन्यातही पगाराएवढे सुटायला लागले, की मग आईशी पुन्हा बोलायचे, असे ठरले.

"म्हणजे सोडणार नाही ना?" बाईंनी विचारले.

"आत्ता नाही, आई. पण सोडणारच नाही, असं नाही म्हणाले मी."

बाईंनी तेव्हा कुठे पाण्याचा तांब्या उचलला. निघताना मुलीची नजर आमच्या घरातल्या जुन्या पायमशीनकडे गेली. तिने चाक हाताने फिरवून बघितले. पट्टा सैल झालाय, म्हणाली. आमच्या घरून विचारले, नवा मागवायचा का, तुझ्या लिंकवरून? "नको काकू," ती म्हणाली, "हाच इंचभर कापून पुन्हा जोडा. अजून दोन वर्षं चालेल."