विचारून कीं न विचारतां?

मोबाईलमधील ॲप्स वारंवार सुधारून घ्यावीं लागतात, हें आतां शाळेंतील लहान मुलासहि ठाऊक आहे. प्रश्न इतकाच कीं, ही सुधारणा मालकास विचारून व्हावी, कीं तो निद्रिस्त असतां यंत्रानें ती मुकाट्यानें करून टाकावी? पुष्कळ पालकांचा कल पहिल्या पक्षाकडे दिसतो. ‘आमची वस्तु, आम्हांस न विचारतां तिला हात लावणारे हे कोण?’ असा त्यांचा सवाल असतो, आणि तो अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि आम्हांस दुसरा पक्षच बहुतांशीं ग्राह्य वाटतो.

ॲप म्हणजे माणसांनींच लिहिलेल्या हजारों ओळींच्या आज्ञा. त्यांत चुका राहावयाच्याच. कांहीं चुका तर चोरवाटाच असतात. सन २०१९ च्या मे महिन्यांत व्हॉट्सॲपमध्यें अशी एक वाट उघडकीस आली. नुसता कॉल आला, तो उचललाहि नाहीं, तरी हेरगिरीचें साधन फोनमध्यें शिरूं शकत असे. कंपनीनें दुरुस्त आवृत्ति लगोलग काढिली व ती घेण्याची सर्वांस विनंति केली. सुमारें १,४०० जणांवर हा हल्ला झाला होता, असें कंपनीनें पुढें सांगितलें. त्यांत भारतांतील लोकहि होते. अशा वेळीं ‘आतां’ आणि ‘नंतर’ अशीं दोन बटणें पुढें करून माणसाच्या मर्जीची वाट पाहणें कितपत शहाणपणाचें? ‘नंतर’ दाबण्यांत आपण सर्वच तरबेज आहों!

शिवाय, वारंवार विचारल्यानें विचारण्याची किंमतच जाते. दिवसांतून चार सूचना ज्यास येतात, तो गृहस्थ पांचवी वाचीत नाहीं; ती एकदांची दूर व्हावी म्हणून ‘होय’ दाबून मोकळा होतो. नेमकी हीच संवय भामट्यांच्या पथ्यावर पडते. बँकेच्या किंवा वाहतूक-दंडाच्या नांवानें मेसेजमधून एक फाईल धाडावयाची, ‘ॲप ताबडतोब अपडेट करा’ म्हणून बजावावयाचें, आणि बोट पडतांच खातें रिकामें करावयाचें, हा प्रकार आपल्याकडे चांगलाच बोकाळला आहे. ज्या घरीं ॲप्स आपोआप सुधारतात व तें सर्वांस माहीत आहे, त्या घरच्या आजीबाईंस असला मेसेज आला तर त्यांस तत्काळ संशय येईल.

मग विचारावयाचें मुळींच नाहीं कीं काय? तसें नव्हे. घरमालकानें पावसाळ्यापूर्वीं फुटकीं कौलें बदललीं तर भाडेकरू तक्रार करीत नाहीं. पण खिडकी बुजविली तर? ॲपल कंपनीनें सन २०१७ च्या आरंभीं काढलेल्या एका अपडेटनें, जीर्ण बॅटरी असलेले आयफोन संथ केले. फोन एकाएकीं बंद पडूं नये हा हेतु. परंतु तें ग्राहकांस स्पष्टपणें सांगितलें नव्हतें. वर्षअखेरीस बोभाटा होऊन कंपनीस माफी मागावी लागली, आणि सन २०२० मध्यें फ्रान्समध्यें अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला. गंमत अशी कीं, हें अपडेट चोरपावलांनीं आलें नव्हतें. लोकांनीं स्वतः होकार देऊन तें घेतलें होतें! विचारणा झाली होती, माहिती मात्र दिली नव्हती. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, निव्वळ दुरुस्ती असेल तर ती खुशाल रात्रीं होऊं द्यावी. पण वस्तूचा गुण, खर्च किंवा परवानगी बदलणार असेल, तर काय बदलतें तें सोप्या मराठींत सांगून मगच संमति घ्यावी. ‘किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा’ हें ठराविक वाक्य म्हणजे माहिती नव्हे.

एक अडचण मात्र आहे. आपोआप सुधारणा बहुधा वायफाय मिळालें व फोन चार्जिंगला लावला म्हणजे होते. जेथें वायफाय नाहीं आणि रोजचा डेटा मोजूनमापून वापरतात, तेथें ती दीर्घकाळ अडून राहूं शकते. अशा घरच्या विद्यार्थ्यांनीं आठवड्यांतून एकदां प्ले स्टोअर स्वतः उघडून आपल्या व आईवडिलांच्याहि फोनमधील राहिलेल्या सुधारणा करून घ्याव्या. त्यांतहि बँकेचें ॲप आधीं.