शाळेत घातलं असतं तर…

पाचोड परिसरातील एखादी आजी नातीची पुस्तके चाळता चाळता म्हणते, “मला शाळेत घातलं असतं, तर मीबी नर्स झाले असते.” आपण चटकन उत्तरतो, “आता त्याचं काय!” वाचकहो, अशी घाई करू नये. मुलीच्या विवाहाचे किमान वय 15 वरून 18 झाले, ते 1978 च्या दुरुस्तीने. आज सत्तरी ओलांडलेल्या कित्येकी त्याआधीच बोहल्यावर चढल्या होत्या. पुढे पाचोडच्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने मुलींची लग्ने लवकर होऊ नयेत म्हणून किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. आजीच्या वाट्याला ते आले नाहीत. तिची खंत खरीच आहे.

उतारवयात गतायुष्य असे उलगडून पाहणे म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्येच ते स्वाभाविक असल्याचे मांडले होते. तेव्हा जवळ बसून विचारावे, “आजी, नोकरी कुठं केली असतीस? पहिल्या पगाराचं काय घेतलं असतंस?” उत्तरांतून कधी अशी आजी भेटते, जी चाळीस वर्षे एका घरात राहिलेल्या सुनेनेही पाहिलेली नसते! मात्र या आठवणींनी झोप उडू लागली, अन्नावरची वासना गेली, आजी स्वतःलाच दोष देत राहिली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे.