बर्फाचे दिवस आणि रोज्यांचे दिवस

आइस हॉकीच्या राष्ट्रीय कुमार स्पर्धेची बातमी आपल्या वाचकांपर्यंत क्वचितच येते. आली तरी विजेत्या संघाचं नाव, पाहुण्यांची यादी, एक फोटो, संपलं. पण या खेळाशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. भारतात आइस हॉकी म्हणजे मुख्यतः लडाख. २०११ च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यात मुस्लिम सुमारे ४६ टक्के. एकट्या कारगिल जिल्ह्यात हे प्रमाण ७७ टक्क्यांच्या घरात जातं. जून २०२५ मध्ये अल ऐनला महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, तेव्हाही संघातल्या बहुतेक मुली लडाखच्याच होत्या.

या मुलांपुढे एक अडचण येऊ घातली आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलताना आम्हाला दिसत नाही. ती म्हणजे तारखांची.

लडाखमधला बराचसा खेळ गोठलेल्या तळ्यांवर चालतो. खेळण्याजोगा पक्का बर्फ डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे धड दोन महिनेही नाही. शाळांची हिवाळी सुट्टीही याच काळात. हिवाळा ऊबदार गेला तर हे दिवस आणखी कमी होतात. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा लेहमधला टप्पा २०२४ मध्ये २ ते ६ फेब्रुवारीला झाला, २०२५ मध्ये २३ ते २७ जानेवारीला. स्पर्धा कोणतीही असो, मुलांची की मोठ्यांची, ती याच फटीत बसवावी लागते.

आता रमजान पाहा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो १९ फेब्रुवारीला सुरू झाला, बर्फ जवळजवळ संपल्यावर. २०२७ मध्ये ८-९ फेब्रुवारी, २०२८ मध्ये २८ जानेवारी, २०२९ मध्ये १६ जानेवारीच्या सुमारास. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होईल, पण २०२९ मध्ये २३ ते २७ जानेवारी याच तारखा ठेवल्या, तर सामने भर रोज्यात येणार हे आजच सांगता येतं.

कुणी म्हणेल, प्रवाशाला तर रोज्याची सवलत आहे, नंतर कजा करता येतो. खरं आहे. कारगिल किंवा द्रासहून दोनशे किलोमीटरच्यावर प्रवास करून लेहला आलेल्या मुलाला ती लागू होते (मसलकानुसार तपशील वेगळे आहेत, ते उलमांनी सांगावेत). पण खुद्द लेह शहरातल्या, शेजारच्या चुशोतमधल्या मुलाचं काय? तो तर आपल्या घरीच आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवर, कोरड्या थंडीत, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव पाण्याच्या घोटाशिवाय खेळायचे. जानेवारीतला रोजा तसा बारा तासांच्या आतलाच. भूक सोसता येते, पाण्याचा प्रश्न अवघड.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. दुपारच्या उन्हात बर्फ मऊ पडतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे सामने इथे नवे नाहीत. साडेपाच-पावणेसहाला इफ्तार, त्यानंतर दिव्यांच्या उजेडात सामना, एवढं वेळापत्रक आयोजकांना जमायला हवं. कडाक्याची थंडी असेल, पण लडाखच्या पोरांना थंडीचं कौतुक कुणी सांगायला नको. खरा मार्ग मात्र कृत्रिम बर्फाच्या रिंकचा. तसा रिंक हाताशी असला की तारखा महिनाभर मागेपुढे करता येतात. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला ऑलिम्पिक आकाराचा बंदिस्त रिंक वर्षानुवर्षं बंद पडून होता, २०२५ मध्ये कुठे तिथे पुन्हा स्पर्धा झाली.

हा प्रश्न मुस्लिम विरुद्ध बाकीचे असा कुणी मांडू नये. १९८९ मध्ये लेहमध्ये मुस्लिमांवर सामाजिक बहिष्कार पडला होता, तो तीन वर्षं टिकला. आज राज्याच्या दर्जासाठी आणि सहाव्या अनुसूचीसाठी लेह आणि कारगिलच्या संघटना एकत्र बसतात. बर्फ लवकर वितळतो तेव्हा बौद्ध मुलाचाही सराव बुडतोच. म्हणून रिंकची मागणी दोघांनी मिळून करावी, आणि इफ्तारनंतरच्या सामन्यांची गोष्ट कारगिलच्या पर्वतीय परिषदेने आत्ताच लेखी मांडावी, असं आम्हाला वाटतं.

वेळ कमी आहे. २०३० मध्ये तर रमजान दोनदा येतो, एकदा ५-६ जानेवारीला आणि पुन्हा २६ डिसेंबरच्या सुमारास. दोन्ही वेळा तळी गोठलेली असतील.