दिव्यांगांचे पाच टक्के : खरेदीआधी विचारलं कुणाला?

मागच्या उन्हाळ्यात गर्भगिरीच्या पायथ्याच्या एका गावात गेलो होतो. बातमी टँकरची होती. एका घरापुढं तीनचाकी सायकल उभी दिसली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं आणि हँडलवर रिकाम्या गोण्या वाळत घातलेल्या. घरमालक पन्नाशीचे, लहानपणी पोलिओ झालेला. विचारलं, सायकल वापरत नाही का? ते हसले. “साहेब, गल्ली बघा ना. खाली गेलो तर वर ढकलायचं कुणी?” गल्ली खरंच चढाची, मधे दोन पायऱ्या. मग तुम्हाला काय पाहिजे होतं? “संडासात धरायला दोन पाईप. अन् दारातली ही पायरी काढून उतार. बास.”

सायकल देण्याआधी हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. यादीत नाव होतं, शिबिराला बोलावलं, फोटो झाला. असले फोटो मीही वीस वर्षं छापत आलोय, आणि वाटप झाल्यावर त्या घरी परत गेलो नाही, हेही सांगून टाकतो.

आता पैशाचं. प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आधी ते ३ टक्के होते. आपल्या तालुक्यात घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली काय लायकीची असते ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळं लहान गावात ही रक्कम फार मोठी होत नाही. जी होते, ती बऱ्याच ठिकाणी मार्च जवळ आला की आठवते. मग ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि सरपंच बसतात आणि सोपा मार्ग काढतात : सगळ्यांना सारखं. सारखी वस्तू नाहीतर सारखा चेक. तक्रार नको, ऑडिटला त्रास नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानलेत. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. प्रकार वाढवले कशासाठी? गरजा वेगळ्या आहेत म्हणूनच ना? गावात आल्यावर मात्र अंध म्हातारी, मतिमंद पोरगा आणि पाय गेलेला ड्रायव्हर, तिघांच्या हातात एकच ब्लँकेट.

आपल्याकडं यात आणखी एक गोष्ट आहे, जी मुंबईत बसून कुणाला सुचणार नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि पाथर्डीतली निम्मी गावं ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, लहान पोरं आणि ज्यांना कोयता धरता येत नाही ती माणसं. पाच-सहा महिने. दिसत नसलेल्या आजीला पेन्शनचे पैसे बँकेत येतात, पण ते काढून आणायला माणूस नाही. बीपीची गोळी कोणती, हे पोरगं सांगून गेलं ते तिच्या लक्षात नाही. या आजीला वस्तू नको आहे. दिवसातून दोनदा डोकावणारं, पाणी भरून देणारं, भाकरी टाकणारं माणूस पाहिजे. शेजारच्या बाईला त्याचे महिन्याला काही पैसे मिळाले तर दोन घरं निभावतील.

हे स्वप्नरंजन नाही. याच कायद्याच्या २४व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. ३८व्या कलमात तर असा अर्ज माणूस स्वतः करू शकतो, किंवा त्याच्या वतीनं एखादी संस्था. मग मूल्यांकन मंडळानं गरज तपासायची. सुरुवात त्या माणसाच्या सांगण्यापासून होते, हे महत्त्वाचं. आपल्या तालुक्यात असा अर्ज केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणी त्यांना सांगितलंय का, हा प्रश्न आहे.

राज्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, चांगलं केलं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या माणसाच्या खात्यात ३,००० रुपये टाकायचं ठरलं. चष्मा, काठी की कमोड खुर्ची, ते त्यानं ठरवायचं. तीन हजारात कानाचं चांगलं मशीन येत नाही ही गोष्ट वेगळी. पण निवड त्या माणसाची, हे सरकारनंच मान्य केलंय. मग गावातल्या पाच टक्क्यांना हा नियम का नाही?

यावर एक सरपंच मला म्हणाले, “विचारत बसलो तर प्रत्येक जण वेगळं मागेल.” अहो, वेगळंच मागायला पाहिजे! आणि दरवेळी महागच मागतील हे कशावरून? दोन पाईप आणि घमेलंभर सिमेंट त्या सायकलीपेक्षा स्वस्तच पडलं असतं.

ग्रामसभेत या, बोला, हे सांगणंही सोपं आहे. चावडीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, बोललेलं ऐकू येत नाही, तो माणूस चारशे जणांत काय बोलणार? बाया मोठ्या सभेत बोलत नाहीत म्हणून कायद्यानं ग्रामसभेआधी महिला सभा ठेवली. ती किती ठिकाणी नुसती सह्यांपुरती होते ते असो. तत्त्व बरोबर आहे. केरळात ग्रामपंचायती दिव्यांगांची वेगळी ग्रामसभा भरवतात. आपल्याला कुणी अडवलंय?

माझं म्हणणं एवढंच. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी, म्हणजे टोळ्या निघायच्या आत, प्रत्येक गावात दिव्यांग आणि त्यांच्या घरच्यांची एक बैठक घ्या. शाळेच्या वर्गात, जिथं पायऱ्या नाहीत तिथं. ज्याला येता येत नाही त्याच्या घरी आशाताई किंवा अंगणवाडी ताई जाऊन विचारतील, पण त्या कामाचे त्यांना पैसे द्या, फुकट राबवू नका. कुणाला काय पाहिजे ते नावासमोर लिहा, आणि गावाचा विकास आराखडा करताना तो कागद समोर ठेवा. २६ जानेवारीच्या सभेपर्यंत थांबलात तर निम्मं गाव फडावर असेल आणि आजीच्या वतीनं बोलणारा पोरगाही तिथंच.

आपल्या गावात मागच्या वर्षी पाच टक्के कशावर गेले, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि मला कळवा. या वेळी वाटपाचा फोटो छापायच्या आधी मी त्या घरी जाऊन येणार आहे.